पाचगणी, पिंपरी, आटपाडी : स्ट्रेप्टोमायसिनची ऐंशी वर्षे

१९१२ साली डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला क्षयरोग्यांसाठी ‘बेल-एअर’ हे आरोग्यधाम सुरू केले, तेव्हा क्षयावर जगात एकही औषध नव्हते. रॉबर्ट कॉक यांनी १८८२ सालीच क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. शत्रू ओळखून तीस वर्षे झाली, पण त्याला मारायचे कशाने हे कोणालाच ठाऊक नव्हते. सातारा जिल्ह्याच्या या डोंगरमाथ्यावर होती ती कोरडी, स्वच्छ हवा, आणि सारा भरवसा तिच्यावरच होता.

पुढच्या शंभर वर्षांत क्षयावर औषध सापडले, ते पिंपरीत तयार होऊ लागले, लाखो माणसे त्याने वाचली आणि त्याच औषधाची फवारणी सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या डाळिंबांवर होऊ लागली. औषधाचे नाव स्ट्रेप्टोमायसिन. क्षयाचे रुग्ण पाचगणी आणि मिरजेला जात त्या काळापासून आटपाडीच्या बागांपर्यंतचा त्याचा प्रवास पाहिला, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हे औषध कसे निकामी होईल याची सूचना औषधाबरोबरच आली होती. ज्ञान वेळेवर पोचले होते. आपल्या सवयी मात्र त्या ज्ञानाच्या मागे राहिल्या.

हवा, दूध आणि विश्रांती

औषधाआधीच्या काळातला उपचार म्हणजे दीर्घ मुक्काम. खाट व्हरांड्यात, खिडक्या रात्रंदिवस उघड्या, दूध-अंड्यांचा आहार, सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, आठवड्याला वजन करायचे. बोलायचे कमी, चालायचे डॉक्टर सांगतील तेवढेच. काही महिन्यांत वजन वाढले, थुंकीतले जंतू दिसेनासे झाले, तर घरी जाण्याची आशा. आजार वाढला तर शस्त्रक्रियेचे मार्ग होते. छातीत सुईने हवा भरून रोगट फुप्फुस दाबून ठेवत, म्हणजे त्याला विश्रांती मिळून पोकळी बुजेल अशी अपेक्षा असे. त्यानेही भागले नाही तर बरगड्यांचे तुकडे काढून छातीची एक बाजू कायमची खचवत. यातून काहीजण तगले, काहीजण नाही.

मिरजेची परंपरा याहून वेगळ्या वाटेने आली. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली मिशनरी डॉक्टर म्हणून सांगलीला आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. शस्त्रक्रियेसाठी त्याचे नाव इतके झाले, की दक्षिण महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून रेल्वेने रुग्ण मिरजेला येऊ लागले. सांगली आणि मिरज यांच्यामधल्या वानलेसवाडीत क्षयाचे आरोग्यधाम उभे राहिले. त्या वस्तीला आजही डॉक्टरांचेच नाव आहे.

ही दोन्ही ठिकाणे सेवाभावाने चालली, पण गरज एवढी मोठी होती, की त्यांच्या खाटा कधीच पुरणाऱ्या नव्हत्या. महिनोन् महिने काम सोडून डोंगरावर राहणे शेतमजुराला किंवा गिरणी कामगाराला परवडत नसे. त्याचा क्षय घरातच वाढे आणि घरातल्यांनाही लागे. साताऱ्याच्या खेड्यापाड्यांतून मुंबईच्या गिरण्यांत गेलेली तरुण मुले दाटीवाटीच्या खोल्यांत राहत. त्यांतले कित्येक खोकला घेऊनच गावी परतत.

मातीतला जंतू

उत्तर अखेर मिळाले ते मातीत. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात सेलमन वाक्समन मातीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत होते. त्यांचा तरुण विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ याने ऑक्टोबर १९४३ मध्ये तळघरातल्या प्रयोगशाळेत ‘स्ट्रेप्टोमायसिस ग्रायसियस’ या जीवाचे असे वाण वेगळे काढले, की त्याच्या स्रावापुढे पेनिसिलिनला दाद न देणारे जंतूही टिकत नव्हते. शॅट्झ, एलिझाबेथ बुगी आणि वाक्समन यांचा शोधनिबंध जानेवारी १९४४ मध्ये आला. मेयो क्लिनिकमध्ये विल्यम फेल्डमन आणि कॉर्विन हिनशॉ यांनी ते गिनीपिगांवर आणि नंतर माणसांवर वापरले. क्षयाच्या जंतूवर चालणारे पहिले प्रभावी औषध माणसाच्या हाती आले होते. श्रेय कोणाचे यावरून पुढे शॅट्झ आणि वाक्समन कोर्टात गेले. १९५२ चे नोबेल एकट्या वाक्समन यांना मिळाले.

हे औषध जंतूच्या नेमक्या कोणत्या भागावर घाव घालते, हे कळायला बरीच वर्षे लागली. प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिने बनवणारी यंत्रणा असते, तिला रायबोसोम म्हणतात. जंतूचा रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळा असतो. स्ट्रेप्टोमायसिन त्याला चिकटते, प्रथिने चुकीची बनू लागतात आणि जंतू मरतो. पण जंतूच्या ‘आरपीएसएल’ या जनुकात एकाच ठिकाणी एका अक्षराचा बदल झाला, की रायबोसोमची घडण किंचित पालटते आणि औषधाला पकड मिळत नाही. असा बदल घडवायला औषध लागत नाही. जंतूंची वाढ होताना चुकून, साधारण दहा लाखांतल्या एखाद्या जंतूत तो आपोआप होतो. फुप्फुसाच्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. म्हणजे औषधाची पहिली सुई टोचली जाण्याआधीच, तिला दाद न देणारे जंतू तिथे हजर असतात.

एकेचाळीसपैकी पस्तीस

युद्धाने खचलेल्या ब्रिटनकडे १९४७ साली स्ट्रेप्टोमायसिन फार थोडे होते. ते कोणाला द्यायचे, या पेचातून वैद्यकशास्त्रातला एक अजोड प्रयोग जन्मला. संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी रुग्णांची वाटणी डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक आकड्यांवर केली. एकूण १०७ रुग्ण. त्यांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती, तर ५२ जणांना फक्त विश्रांती. निकाल ऑक्टोबर १९४८ मध्ये छापून आला. सहा महिन्यांत औषधाच्या गटात ४ मृत्यू, नुसत्या विश्रांतीच्या गटात १४. हवा आणि विश्रांती यांच्यापेक्षा औषध श्रेष्ठ आहे, हे निर्विवाद सिद्ध झाले.

पण त्याच अहवालात आणखी एक संख्या होती. औषध घेतलेल्यांपैकी ४१ जणांच्या जंतूंची तपासणी केली, तेव्हा ३५ जणांचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते, आणि बहुतेकांत हे दुसऱ्या महिन्यातच घडले होते. मारता येणारे जंतू मेले आणि उरलेल्यांनी रिकामी जागा व्यापली. पाच वर्षांनी पुन्हा हिशेब केला, तेव्हा औषधाच्या गटातले ३२ रुग्ण आणि दुसऱ्या गटातले ३५ रुग्ण दगावले होते. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला तो मोठा फरक जवळजवळ पुसला गेला होता.

उपायही लगेच सापडला. पीएएस हे दुसरे औषध जोडीला दिले, तर प्रतिरोध खूप कमी होतो, हे १९५० पर्यंत स्पष्ट झाले. १९५२ साली आयसोनियाझिड आले आणि हिशेब अधिकच अनुकूल झाला. एका औषधाला दाद न देणारा जंतू दहा लाखांत एक, दुसऱ्याला न देणाराही तेवढाच विरळा. दोघांनाही एकाच वेळी चकवणारा जंतू लाख कोटींत शोधावा लागेल. क्षयावर एकाच औषधाने कधीही उपचार करू नयेत, हा नियम या हिशेबातून जन्माला आला. पुढची सत्तर वर्षे ज्या ज्या ठिकाणी हा नियम मोडला गेला, तिथे प्रतिरोध वाढला.

पिंपरीचा कारखाना

स्वतंत्र भारतात क्षयाचे ओझे प्रचंड होते आणि औषधे परदेशातून यायची. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक राहिलेले सर साहिब सिंग सोखे यांनी प्रतिजैविके देशातच आणि सरकारी मालकीच्या कारखान्यात बनावीत असा आग्रह धरला होता. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड हा कारखाना उभा राहिला. कंपनीची स्थापना १९५४ साली झाली, पुढच्या वर्षी पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या मर्क कंपनीच्या तंत्राने स्ट्रेप्टोमायसिनही पिंपरीतच बनू लागले.

प्रतिजैविक बनवणे म्हणजे जिवंत सूक्ष्मजीव राखणे. मोठ्या पोलादी टाक्यांत पोषक द्रावण, सतत निर्जंतुक हवा, ठरावीक तापमान आणि जंतूला काय हवे-नको याकडे रात्रंदिवस लक्ष. या कारखान्याने नुसते परके तंत्र चालवले नाही. डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या संशोधन विभागात मातीतून हॅमायसिन आणि ऑरिओफंजिन ही बुरशीनाशक प्रतिजैविके शोधून काढली. हॅमायसिनच्या नावातच कारखान्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा मान राखलेला आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या रसायनशास्त्राच्या आणि सूक्ष्मजीवशास्त्राच्या कितीतरी पदवीधरांना संशोधन म्हणजे काय, हे पहिल्यांदा इथे कळले.

घरी राहून उपचार

औषध देशात होऊ लागले. पण ते रुग्णापर्यंत पोचवायचे कसे? क्षयाच्या लाखो रुग्णांसाठी पाचगणी-मिरजेसारख्या खाटा कुठून आणायच्या? याचे उत्तर मद्रासमध्ये मिळाले. १९५६ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटिश वैद्यक संशोधन परिषद यांनी तिथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू केले. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख होते. शहराच्या गरीब वस्तीतले १९३ रुग्ण निवडले. निम्म्यांना आरोग्यधामात ठेवले, निम्म्यांनी घरी राहून औषधे घेतली. वर्षभर दोन्ही गटांना आयसोनियाझिड आणि पीएएस दिले. १९५९ साली प्रसिद्ध झालेला निकाल पाहून जगभरचे डॉक्टर चकित झाले. घरी राहिलेले, अर्धपोटी, दाटीवाटीत राहणारे रुग्ण जवळजवळ आरोग्यधामातल्यांइतकेच बरे झाले.

उरला होता तो घरातल्या मुलाबाळांचा प्रश्न. रुग्ण घरी ठेवला तर रोग पसरणार नाही का? पाच वर्षे पाठपुरावा करून १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हीही भीती दूर केली. त्या निबंधाचे पहिले लेखक होते एस. आर. कामत, जे पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात छातीच्या विकारांचे प्रमुख झाले आणि हवेच्या प्रदूषणावरच्या कामासाठी ओळखले गेले. निबंधाचा निष्कर्ष असा, की उपचार सुरू झाले, की घरी राहिलेल्या रुग्णाच्या कुटुंबाला आरोग्यधामात गेलेल्याच्या कुटुंबापेक्षा जास्त धोका नसतो.

या दोन निबंधांनी डोंगरावरच्या आरोग्यधामांचा काळ संपवला. उपचार शहरातून खेड्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि खासगी दवाखान्यांत पोचला. आता तो गरिबालाही मिळणार होता, आणि म्हणूनच तो शेवटपर्यंत नेण्याची जबाबदारी कितीतरी पटींनी वाढली होती. आरोग्यधामात परिचारिका रोज समोर उभी राहून औषध देत असे. घरी तसे कोणी नव्हते.

अपुऱ्या औषधाचा हिशेब

स्ट्रेप्टोमायसिन तोंडाने घेऊन चालत नाही, त्याची सुई रोज टोचावी लागते. कानांत आवाज येतात, चक्कर येते, काहींना ऐकू येणे कायमचे कमी होते. दोन-तीन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंगात बळ येते, आणि मग शेतावर किंवा कामावर परतलेल्या माणसाला दवाखान्याची रोजची फेरी नकोशी होते. परवडत नाही म्हणून दोनाऐवजी एकच औषध घेणे, बरे वाटले म्हणून सोडणे, पुन्हा खोकला आल्यावर नव्या डॉक्टरकडून पुन्हा तीच सुई घेणे, हे सर्रास घडले. १९४८ च्या अहवालातल्या ब्रिटिश रुग्णांत जे दोन महिन्यांत दिसले, ते आपल्या गावोगावी वर्षानुवर्षे घडत राहिले.

दुर्दैवाने अधिकृत उपचारपद्धतीतही एक त्रुटी राहून गेली. १९९७ साली सुरू झालेल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाने औषधे कोणाच्या तरी समोर घ्यायला लावून लाखो जीव वाचवले, हे नाकारता येणार नाही. पण आधी उपचार घेऊन पुन्हा आजारी पडलेल्यांना ‘कॅटेगरी दोन’ मध्ये टाकत आणि तीच जुनी औषधे देऊन त्यांत स्ट्रेप्टोमायसिनची भर घालत. ज्या रुग्णाचे जंतू आधीच इतर औषधांना दाद देत नाहीत, त्याच्या शरीरात स्ट्रेप्टोमायसिन एकटेच लढते. एकट्याने लढणाऱ्या औषधाचे काय होते, हे १९४८ पासून ठाऊक होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ही पद्धत वापरू नये असे स्पष्ट सांगितले.

तोपर्यंत प्रतिरोध घट्ट मुरला होता. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या झरीर उदवाडिया, कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांचे जंतू तपासलेल्या एकाही औषधाला दाद देत नव्हते. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत नव्या रुग्णांपैकी २.८४ टक्के आणि पूर्वी उपचार घेतलेल्यांपैकी ११.६२ टक्के रुग्णांचे जंतू आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही प्रमुख औषधांना दाद न देणारे निघाले. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की अपुऱ्या उपचारांची किंमत सहज दिसते.

माणदेशातल्या बागा

स्ट्रेप्टोमायसिनची दुसरी वाट याच काळात शेतीकडे वळली. पिंपरीच्या कारखान्याने नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि एक भाग टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण ‘स्ट्रेप्टोसायक्लिन’ या नावाने शेतीसाठी आणले. सहा ग्रॅमची ती छोटी पुडी महाराष्ट्रातल्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळू लागली.

पूर्व साताऱ्यातले माण, खटाव आणि सांगलीतले आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हा पावसाने नेहमी पाठ फिरवलेला मुलूख. व्यंकटेश माडगूळकरांनी ज्या माणदेशातली माणसे मराठी वाचकांच्या मनात घर करून ठेवली, तो हाच. इथल्या हलक्या, मुरमाड जमिनीला आणि कोरड्या हवेला डाळिंब मानवले. १९९० च्या सुमारास रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग योजना आली, ठिबक सिंचन आले आणि ज्या शिवारात बाजरीही धड येत नव्हती तिथे डाळिंबाच्या ओळी उभ्या राहिल्या. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानात निवडलेले ‘गणेश’ वाण आधी आले, नंतर लाल दाण्यांचे ‘भगवा’. घरे पक्की झाली, मुले शिकायला शहरात गेली.

मग तेल्या आला. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, ते काळे होतात, फळाला तडे जातात आणि काही दिवसांत तोडणीला आलेली बाग विकण्यालायक राहत नाही. हा रोग ‘झँथोमोनास’ जातीच्या जंतूमुळे होतो. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ सालची, पण महाराष्ट्रात त्याने हाहाकार माजवला तो २००० नंतरच्या दशकात. मृग बहार धरला, की पावसाच्या थेंबांबरोबर आणि वाऱ्याबरोबर तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. छाटणीच्या कात्रीतून आणि रोगट रोपांतून तो नव्या बागेतही पोचतो. २००५ साली सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले.

कर्जाने उभी केलेली बाग डोळ्यांदेखत जात असेल, तर माणूस मिळेल तो उपाय करतो. लिटरला अर्धा ग्रॅम स्ट्रेप्टोसायक्लिन आणि जोडीला ताम्रयुक्त बुरशीनाशक, ही फवारणी बागायतदारांच्या अंगवळणी पडली. बहार धरल्यापासून तोडणीपर्यंत ती पुन्हा पुन्हा होत राहिली. केंद्रीय नोंदणीत स्ट्रेप्टोसायक्लिन आठ पिकांसाठी मान्य होते आणि त्यांत डाळिंब नव्हते. पानावरचे काही जंतू या फवाऱ्याने मरतात, पण फांदीच्या गाठींत दडलेल्यांपर्यंत औषध पोचत नाही. थेंब थेंब मातीत झिरपतो आणि तिथल्या असंख्य जंतूंना औषधाची ओळख करून देतो.

याचा परिणाम काय होतो, हे अमेरिकेत आधीच दिसले होते. फ्लोरिडात मिरचीवर आणि टोमॅटोवर पडणारा याच कुळातला जंतू १९६० च्या सुमारास स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासा झाला. १९७१ साली कॅलिफोर्नियात नाशपतीच्या बागा उजाड करणारा ‘अर्विनिया’ जंतूही त्याच वाटेने गेला. तिथल्या शेतकऱ्यांना हे औषध हातातून निसटताना पाहावे लागले.

जनुके काय सांगतात

प्रतिरोध म्हणजे काय, हे आता जंतूंच्या जनुकांतून थेट वाचता येते. १९९८ साली स्ट्युअर्ट कोल यांच्या चमूने क्षयाच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच उलगडला. त्यात सुमारे ४४ लाख अक्षरे आणि चार हजारांच्या आसपास जनुके आहेत. क्षयाचा जंतू प्रतिरोध दुसऱ्याकडून उसना घेत नाही. त्याच्या स्वतःच्याच अक्षरांत बदल होतात आणि ते पुढच्या पिढीत जातात. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या जंतूत तो कोणत्या औषधांना दाद देत नाही, याची नोंद राहते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ३८ हजारांहून अधिक जंतूंच्या जनुकसंचांवरून अशा बदलांची यादी तयार केली. मुंबईचे हिंदुजा रुग्णालय आणि फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च यांनी अशा आंतरराष्ट्रीय कामात हातभार लावला. आज थुंकीच्या नमुन्यातून काही तासांतच रिफॅम्पिसिनला प्रतिरोध आहे की नाही, हे जनुकीय चाचणीने कळते. पूर्वी यासाठी महिने लागत.

झाडांवरच्या आणि आतड्यातल्या जंतूंची गोष्ट वेगळी. ते एकमेकांना जनुके देतात. १९९३ साली मिशिगन राज्यातल्या ‘अर्विनिया’ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी ‘एसटीआरए’ आणि ‘एसटीआरबी’ ही जनुकांची जोडी सापडली. ती एका उड्या मारणाऱ्या जनुकीय तुकड्यावर बसलेली होती. हीच जोडी, जवळजवळ अक्षरशः तशीच, माणसांना आजारी करणाऱ्या जंतूंतही आहे. फळबागेतला जंतू आणि रुग्णालयातला जंतू यांच्यात देवाणघेवाण चालते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही. तेल्याच्या जंतूचा पहिला जनुकसंच २०१२ साली चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत प्रभू पाटील यांच्या गटाने प्रसिद्ध केला, तेव्हा डाळिंबाच्या या रोगाकडेही अशा नजरेने पाहता येऊ लागले.

मराठी संशोधकांनी हे काम नदीपर्यंत नेले. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्याकडे शिकलेले नचिकेत मराठे पुढे स्वीडनमधल्या गोथेनबर्गला योआकिम लार्सन यांच्या गटात आणि त्यानंतर नॉर्वेत काम करू लागले. सांडपाण्यातले जंतू, त्यांच्यातली प्रतिरोधाची जनुके आणि ती एका जंतूतून दुसऱ्यात कशी जातात, हा त्यांच्या संशोधनाचा धागा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी मुठा नदीच्या गाळाचे जनुकीय वाचन केले. पुणे शहराच्या वरच्या अंगाच्या तुलनेत शहरातल्या गाळात प्रतिरोधाची जनुके सुमारे तीसपट निघाली, आणि अखेरचा आधार मानलेल्या औषधांनाही निष्प्रभ करणारी जनुके त्यांत होती. न शुद्ध केलेले सांडपाणी नदीत सोडले, की शहराची सारी औषधयोजना गाळात उतरते.

आता काय

मे २०२० मध्ये केंद्रीय नोंदणी समितीने शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने बंदीचा मसुदा काढला आणि १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण थांबवण्याचे त्यात मांडले. पण शेतकऱ्याला नुसते ‘फवारू नका’ सांगणे अन्याय्य आहे. त्याला रोगमुक्त रोपे हवीत, हस्त बहार धरण्याचा सल्ला आणि त्यासाठी पाण्याची सोय हवी, बोर्डो मिश्रण आणि बागेच्या स्वच्छतेचे मार्गदर्शन हवे. छाटणीच्या कात्र्या निर्जंतुक करणे, रोगट पाने-फळे गोळा करून जाळणे आणि झाडांना विश्रांती देणे यांतून तेल्या आटोक्यात राहतो, हे संशोधकांनी दाखवले आहे. हे मार्ग कष्टाचे आहेत आणि त्या कष्टात शेतकऱ्याला एकटे सोडणे परवडणार नाही.

क्षयाच्या बाबतीतही तेच. भारताने २०२४ साली प्रतिरोधी क्षयासाठी सहा महिन्यांची नवी उपचारपद्धती मान्य केली. त्यात सुया नाहीत आणि काळही कमी आहे. पण बेडाक्विलिनसारखी ही नवी औषधेही एकट्याने, अर्धवट किंवा तपासणीशिवाय दिली, तर त्यांचीही गत स्ट्रेप्टोमायसिनसारखीच होईल. जिल्हा रुग्णालयापासून तालुक्यापर्यंत प्रतिरोधाची चाचणी वेळेत व्हायला हवी. महाबळेश्वरातून निघून वाई, कराड, सांगलीला वळसे घेत जाणाऱ्या कृष्णेच्या पाण्याचीही मुठेसारखी नियमित जनुकीय तपासणी व्हायला हवी, कारण तिच्या काठावर माणसे, बागा आणि रुग्णालये शेजारी शेजारी आहेत.

एक औषध शोधून ते रुग्णापर्यंत पोचवायला शास्त्रज्ञांची दहा-पंधरा वर्षे जातात, आणि ते एकट्याने, अपुरे वापरले तर दोन महिन्यांत जंतू त्यावर मात करतो. हे १९४८ साली एकेचाळीसपैकी पस्तीस रुग्णांनी आपल्याला दाखवले. त्यानंतर जे बिघडले, ते अज्ञानामुळे बिघडले नाही. म्हणूनच ते सुधारणेही आपल्या हातात आहे. डॉक्टरची चिठ्ठी, औषध दुकानदाराचा नकार, बागायतदाराचा बहार आणि रुग्णाची शेवटची गोळी, या चारही ठिकाणी नियम पाळला गेला, तरच पुढच्या पिढीच्या हाती चालणारी औषधे राहतील.